चौरागडे मॅडमची सुनावणी

चौरागडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटच्या एका कचेरीत. मी नुकताच बारावी झालो होतो आणि रहिवासी दाखल्याच्या रांगेत उभा होतो. जेवणाच्या सुट्टीला चांगला तास बाकी असताना बाबूने खिडकी लावायला घेतली आणि म्हणाला, "आज फॉर्म नहीं लेंगे। ऊपर से आदेश है।" रांग निमूटपणे पांगायला लागली. 'ऊपर' म्हटलं की आम्हा लोकांना पुढचं काही विचारायचं सुचत नाही. पण रांगेत सगळ्यात पुढे एक ठेंगण्या, सुती साडीतल्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "ऊपर मतलब कौन? नाम बताइए।" बाबूने नुसतं छताकडे बोट दाखवलं. बाईंनी फॉर्मची घडी केली आणि जिना चढायला लागल्या.

आम्ही पाच-सहा रिकामटेकडे गंमत बघायला मागे गेलो. पहिला मजला, दुसरा मजला, प्रत्येक दारात त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "फॉर्म बंद करने का आदेश आपका है?" कोणाचाच नव्हता. शेवटी आम्ही गच्चीवर निघालो. तिथे पाण्याची टाकी, एक मोडकी खुर्ची आणि कबुतरं. बाईंनी पदराने घाम पुसला, आमच्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "पाह्यलं? वर कोणीच नाही." मग खाली येऊन त्यांनी बाबूला तेच हिंदीत ऐकवलं आणि त्याने मुकाट्याने फॉर्म घेतला. त्यांच्या मागोमाग माझाही.

महिन्याभराने कॉलेजात राज्यशास्त्राच्या तासाला त्याच बाई आत आल्या तेव्हा मी मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आलो. कुसुम चौरागडे. वडील सरकारी नोकरीनिमित्त गोंदियाकडून बालाघाटला आले आणि इथेच राहिले. मुलीने लग्न केलं नाही, नोकरी केली आणि भांडणं केली. वर्गात त्या हिंदीत शिकवत आणि राग आला की मराठीत येत. त्यामुळे त्या किती वेळा रागावतात हे वर्गातल्या आम्हा तिघा-चौघा मराठी पोरांनाच कळायचं. तासाला दोनदा, सरासरी.

त्यांचा विषय तुलनात्मक राज्यघटना, आणि त्यातही त्यांचा जीव युरोपच्या प्रकरणात. परीक्षेला त्यावर कधी प्रश्न येत नसे, म्हणून बाकीचे प्राध्यापक ते प्रकरण गाळत. मॅडम त्यालाच दोन महिने देत. युरोपला आपल्यासारखी एकच एक राज्यघटना नाही, करारांची चळत आहे. पण त्या करारांमधूनच तिथल्या न्यायालयांनी तत्त्वं घडवली, हे त्या इतक्या आवेशाने सांगत की जणू त्या खटल्यांत त्याच हजर होत्या. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्याचं आधी ऐकून घ्यायचं. निर्णयाचं कारण लिहून द्यायचं. चुकीपेक्षा शिक्षा मोठी होऊ द्यायची नाही. हे तिसरं समजावताना त्या म्हणायच्या, "गाय वावरात शिरली तर गाय हाकला. मालकाचं घर काहून पेटवता?"

आम्ही त्यांची टिंगल करायचो. एकदा ग्रीसच्या पेन्शनरांचं चाललं होतं. परक्या शहरात, बंद खोलीत अटी ठरल्या आणि इकडे म्हाताऱ्यांच्या पेन्शनी कापल्या गेल्या. त्या म्हाताऱ्यांना कोणी विचारलं का, म्हणून मॅडम फळ्यावर खडू आपटत होत्या. मी शहाणपणा करून म्हटलं, "मॅडम, त्यांच्या पेन्शनीचं आपल्याला काय?" मॅडमनी खडू खाली ठेवला. "तुले काय? आज त्यायची पाळी हाय. उद्या तुह्या वावराची येईन, तवा मले विचारू नको. बाजार मोठा करा, माझं काही म्हणणं नाही. पण जो बाजाराचा नियम करते, त्यालेही नियम पाहिजे. नाही तर तो राजाच झाला, फक्त मुकुट घालत नाही." मला तेव्हा हसू आलं होतं. त्या हसण्याची मला आज चीड येते.

पुढे मी वकील झालो. बालाघाटच्या कोर्टात टेबल टाकून बसलो आणि जमिनीच्या वाटण्या, मोटार अपघात असली कामं करायला लागलो. मॅडम निवृत्त झाल्या त्या नावापुरत्या. दर रविवारी त्या बस पकडून लालबर्र्याजवळच्या एका गावात जायच्या आणि शाळेच्या पडवीत बायामाणसांना बसवून संविधान वाचायच्या. त्या गावात शेतकऱ्यांचा एक गट होता. गटाची शेतं औषध-खताशिवायची, आणि पीक चिन्नोरचं. हा आमच्या भागातला सुगंधी तांदूळ एका घरी शिजला की चार घरांना कळतं. युरोपातला एक व्यापारी तो घ्यायला तयार झाला होता. त्यासाठी सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र लागायचं. नियम युरोपात ठरलेला, तपासणी मात्र इथल्या एका खासगी कंपनीकडे. तीन वर्षं सगळ्या गटाने कागद भरले, शेतांच्या कडेने चर खणले, तपासनिसांना चहा पाजला आणि प्रमाणपत्र मिळवलं. गटाचे अध्यक्ष मंसाराम मेंढे यांनी ते काचेच्या चौकटीत बसवून घेतलं. कागदपत्रांची सल्लागार म्हणून मॅडम होत्या, आणि मॅडमच्या धाकाने मी.

माल निघायच्या आठवड्यात तपासनीस येऊन तांदळाचा नमुना घेऊन गेला. वीस दिवसांनी इंग्रजीत ईमेल आला, दोन ओळींचा. नमुन्यात मनाई असलेल्या औषधाचा अंश सापडला आहे. संपूर्ण गटाचं प्रमाणपत्र आजपासून रद्द. किती अंश, कुठल्या पोत्यात, काही नाही. तुमचं म्हणणं काय, हा प्रश्न तर नाहीच. मी कंपनीला फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, हम कुछ नहीं कर सकते, यूरोप का नियम है।" मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. "यूरोप का नियम मैंने तीस साल पढ़ाया है। उसमें पहले सुनना लिखा है। आपने किसको सुना?" फोन बंद झाला.

मॅडम मग माझ्यावरच ओरडल्या, दुसरं कोणी जवळ नव्हतं म्हणून. "हे पाहून घे. त्यायचा हुकूम लालबर्र्यापर्यंत येते, सीमा-बिमा काही आडवी येत नाही त्याले. अन् हक्क? हक्क तिकडंच राहते, घरी. तिकडच्या दुकानदाराले असं दोन ओळीत बंद करून पाहा म्हणा." हे त्यांचं म्हणणं मी त्यानंतर बऱ्याच मोठ्या लोकांना ऐकवलं आहे.

अपिलाला पंधरा दिवस होते. औषध आलं कुठून ते शोधायला आम्ही गावात गेलो. शेत शेत फिरलो, गोदाम पाहिलं, पोती हुंगली. काही सापडेना. शेवटी फुलवंताबाईंनी, म्हणजे गटातल्या सगळ्यात वडील बाईने, सहज सांगितलं, "पयल्या पोत्यात घरोघरची मूठ टाकली होती ना." त्या गावची रीतच तशी आहे. नवं धान गावाबाहेर निघालं की पहिल्या पोत्यात प्रत्येक घरची एक एक मूठ पडते, म्हणजे तो माल सगळ्या गावाचा होतो. यंदा तर माल समुद्रापलीकडे चालला होता. लोकांनी नवे कपडे घालून मुठी टाकल्या होत्या. गावातली दहा-बारा घरं गटात नव्हती, पिकावर करपा रोग आला की तिथले लोक औषध मारायचे. त्यांच्याही मुठी पडल्या. मी कपाळाला हात लावला. "अहो, त्यांना तरी वगळायचं!" फुलवंताबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "असं कसं वगळाचं? त्याहिनं काय केलं?" आणि तपासनिसाने आयतं वरचंच पोतं उघडलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी मॅडमना स्पष्ट सांगितलं, "मुठीचं लिहायचं नाही. नमुना घेण्याची पद्धत चुकली, कारण दिलं नाही, ऐकून घेतलं नाही, एवढ्यावर भांडू. आपल्या हाताने कबुली देऊ नका."

"काहून?"

"कारण ते तीच धरून बसतील."

"हे पाहा, आपण त्यायले म्हणून राह्यलो की आमचं ऐका. अन् ऐकवायचं काय? अर्धं? चूक झाली हे लिहायचं, कशी झाली ते लिहायचं, अन् विचारायचं की एका पोत्यासाठी सगळा गट बाद करणं कोणत्या न्यायात बसते. खरं सांगून जो जिंकता येत नाही, तो मुद्दाच कच्चा हाय." बस लालबर्र्याच्या फाट्यावर थांबली तरी त्या बोलतच होत्या. कंडक्टर हसायला लागला.

पत्र त्यांनी लिहिलं. सहा पानं. इतकं चांगलं निवेदन मी आजवरच्या वकिलीत पाहिलेलं नाही. युरोपच्या मूलभूत हक्कांच्या सनदेपासून सुरुवात, मग आपली घटना, मग मुठीची रीत, कुठलीही गयावया न करता. शेवटी मागणी एकच: ते एक पोतं बाद करा, बाकीची तपासा आणि आमचं समोर बसून ऐका.

नऊ दिवसांत उत्तर आलं. तुम्ही स्वतःच सरमिसळ झाल्याचं मान्य केल्यामुळे निर्णय कायम, विषय बंद. सहा पानांतून त्यांनी नेमकी चार ओळींची कबुली उचलली होती, बाकी कागद कोणी वाचला तरी होता की नाही देव जाणे. मॅडमनी विचारलं, "खाली नाव कोणाचं हाय?" नाव नव्हतं. हा संदेश यंत्राने पाठवला आहे, उत्तर देऊ नये, असं होतं. मला तर शिव्या देण्याशिवाय काही सुचत नव्हतं, आणि त्या मी दिल्या. बाईमाणसासमोर दिल्या. त्यांनी अडवलं नाही.

गावात आग लागल्यासारखं झालं. बोट दाखवलं जायला लागलं ते मॅडमकडे. बाईने लिहिलं नसतं तर वाचलो असतो, असं आमच्या जिल्ह्यातल्या खैरलांजीच्या बाजारापर्यंत लोक बोलायला लागले. एका संध्याकाळी मंसारामभाऊ माझ्या घरी आले आणि मान खाली घालून एक कागद ठेवून गेले. वहीचं पान होतं. "आजपासून चौरागडे मॅडमचा गटाशी संबंध नाही." खाली गटाचा शिक्का. ज्या बाईने यांच्यासाठी निवृत्तीतले सगळे रविवार बसच्या धक्क्यांत घालवले, तिला ही एक ओळ. माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, मॅडमना सांगायचं की सोडून द्या यांना, मरू देत.

मॅडमनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "सोडून काहून देऊ? उद्या सकाळच्या बसनं चाल."

शाळेच्या पडवीत साठ-सत्तर माणसं जमली. मंसारामभाऊ अवघडून म्हणाले, "बसा मॅडम, चाय घ्या."

"चहा मंग. आधी माह्यावर आरोप काय हाय ते सांगा. मी माझं सांगन. मंग तुमी ठरवा, अन् जे ठरवान ते कारणासकट लिहून द्या. तुमाले त्या कंपनीनं असं काढलं तर तुमी रडले. मले कसं काढलं?"

सगळे खाली बघायला लागले. मला मनातून बरं वाटत होतं; होऊन जाऊ दे यांची शोभा. तेवढ्यात फुलवंताबाई बोलल्या.

"बाई, राग नोका मानू. पोतं आमचं, मूठ आमची, रीत आमची. तुमी कागदावर लिवलं. खरं लिवलं, खोटं नाही. पन लिवाच्या आंधी आमाले इचारलं का?"

मी उठून उत्तर द्यायला तोंड उघडलं. मॅडमनी हाताने मला खाली बसवलं. आणि त्या फुलवंताबाईंकडे वळल्या.

"नाही. नाही विचारलं."

मग हळूच पुढे म्हणाल्या, "ज्याचं नुकसान होणार त्याले आधी विचारा, हे मी तीस वर्षं शिकवलं. तुमाले या पडवीत बसून शिकवलं. अन् म्या माझ्या याच्याशी बसमध्ये भांडून घेतलं अन् पत्र धाडून टाकलं. मले वाटलं, मी बरोबर हाय, एवढं पुरे हाय." 'याच्याशी' म्हणजे माझ्याशी. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. लिहायचं की लपवायचं यावर आम्ही दोघं शिकली-सवरलेली माणसं घसा कोरडा होईस्तोवर भांडलो होतो. ज्यांचा तांदूळ त्यांना विचारावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. कंपनीवर मी अजूनही रागावतो, पण त्या दिवसापासून त्या रागात माझा स्वतःचा वाटा धरून रागावतो.

तासभर चर्चा झाली. काही लोक फार कडू बोलले, आणि मॅडमनी ते सगळं मध्ये न बोलता ऐकलं. शेवटी मंसारामभाऊ उभे राहिले. "मॅडमची गलती हाय. त्याहिनं मान्य केली. पन एका गलतीसाठी मॅडमले काढून टाकनं, हे जास्त होते. आमचीबी गलती हाय, आमी बिना इचारता कागद धाडला. आतापासून जो कागद जाईन तो पयले इथं वाचाचा, मंग धाडाचा." मॅडम म्हणाल्या, "मंजूर." मग चहा आला.

दुसरं पत्र लिहायला चार रविवार लागले. मॅडम एकेक वाक्य वाचायच्या आणि बाया अडवायच्या, हे काय हाय, समजावून सांगा. सनदेचं कलम समजावता समजावता मॅडमनी त्यातली निम्मी भारदस्त वाक्यं स्वतःच खोडली. मुठीच्या जागी मोठा वाद झाला. काढा म्हणणारेही बरेच होते. शेवटी ठेवायचं ठरलं, पण "गावकऱ्यांनी मुठी टाकल्या" याऐवजी "आम्ही मुठी टाकल्या" असं. गटाबाहेरच्या दहा-बारा घरांनीही सह्या केल्या. कंपनीला एक प्रत गेली आणि युरोपातल्या वरिष्ठ कार्यालयाला एक.

त्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. दुपारी भाजी घेऊन घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि खुर्चीत बसल्या त्या उठल्या नाहीत. मला निरोप द्यायला आलेल्या शेजाऱ्यावरच मी खेकसलो, "कोणी सांगितलं तुम्हाला?" वैनगंगेच्या काठी अंत्यविधीला लालबर्र्याकडून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. शहरातल्या ज्या मंडळींना मॅडम भांडखोर वाटायच्या, त्यांनी ती गर्दी बघून आपापसात विचारलं, या बाईंचा एवढा परिवार कुठला? मी तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं.

बाराव्या दिवशी कंपनीचा ईमेल आला. वरिष्ठ कार्यालयाच्या सूचनेवरून गटाला अर्ध्या तासाची ऑनलाइन सुनावणी देण्यात येत आहे. तिचा निकाल अजून यायचा आहे आणि तो आमच्या बाजूने लागेल अशी खात्री मी कोणाला देत नाही. त्या लोकांच्या हातात प्रमाणपत्र आहे, आमच्या हातात अर्धा तास होता.

शाळेतला मोठा टीव्ही पडवीत आणून लावला. सगळा गट बसला. बोलायचं काम फुलवंताबाईंकडे होतं, हेही बैठकीतच ठरलेलं. वेळेवर पडदा उजळला आणि त्यावर काळा चौकोन आला, मध्ये कुणाच्या तरी नावाची इंग्रजी दोन अक्षरं. चौकोनातून आवाज आला, "जी, बोलिए। हम सुन रहे हैं।"

फुलवंताबाई बोलेनात. मी कानाशी जाऊन म्हटलं, "बोला, वेळ चाललीय."

"कोनाशी बोलू? मानूसच दिसत नाही."

मी चौकोनाला सांगितलं की आपण दिसत नाही. आवाज म्हणाला, "कैमरे में कुछ प्रॉब्लम है। आप बोलिए, रिकॉर्ड हो रहा है।"

फुलवंताबाईंनी पदर खोचला आणि टीव्हीच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. "आमी आमच्या बाईले बोललो, तर तोंडावर बोललो. बाईनं तोंडावर आयकलं. तुमी तोंड दाखवा. नाही दिसून राह्यलं तर आमाले घाई नाही, आमी बसतो."

आणि त्या खाली बसल्या. मागची साठ-सत्तर माणसंही तशीच बसून राहिली. आवाजाने दोनदा हॅलो म्हटलं, मी उत्तर दिलं नाही.

अकरा मिनिटांनी कॅमेरा चालू झाला.